पडलेल्या फांदीआडचं माझं रोप

मी एक जुना मोह आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर आता अर्धाच उरलोय. तळोद्याहून येणारी जीप जिथे चढाला लागते, त्या टेकडीवर मी उभा आहे. मी गावातल्या म्हाताऱ्या डोंगरसिंगच्या घरचा. आमच्याकडे प्रत्येक मोह कुणाच्या तरी घरचा असतो, त्याची फुलं दुसरं कुणी वेचत नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे माझी फुलं गळायची, टोपल्या भरायच्या. काय माझा तोरा होता म्हणून सांगू!

गेल्या ज्येष्ठात वादळ आलं आणि माझा शेंडा कडाडकन मोडला. शेजारचे साग, धावडे आडवे झाले. लोकांनी लाकडं नेली. माझी एक मोडलेली फांदी जड म्हणून तशीच पडून राहिली. मग पाऊस पडला. वर आभाळ मोकळं झाल्यामुळे खाली ऊन पोचत होतं. माझ्या बिया भराभर रुजल्या. शेळ्यांना काय, तेवढंच हवं होतं! त्यांनी रोपं फस्त केली. पडलेल्या फांदीच्या आड एकच वाचलं. तेव्हापासून माझा जीव त्याच्यातच अडकला.

या फाल्गुनात उरलेल्या डहाळ्यांना थोडी फुलं आली. डोंगरसिंग नेहमीप्रमाणे माझ्याखालचा पाला जाळायला आला. जमीन साफ झाली की फुलं चटकन दिसतात, ही इथली जुनी रीत. त्याने काडी ओढली. जाळ रोपाकडे सरकू लागला. अहो, मला हाक मारता येत नाही हो!

तेवढ्यात त्याची सून कामिनी टोपली घेऊन आली. तिला रोप दिसलं. तिने हिरव्या डहाळीने झोडपून जाळ विझवला.

“बाबा, थांबा! आठे दखा, मोहनं रोपटं शे.”

“मन्हा बापनी बी असाच इस्तो लावा. तू माले शिकाडस का?” म्हातारा भडकला.

“म्हनीसनच रानमा नुसता म्हातारा मोह शेतस. एक तरी धाकला दखाडा!”

डोंगरसिंग शोधायला निघाला. टेकडीभर फिरला, प्रत्येक मोहाखाली पाहिलं. एकही लहान मोह सापडला नाही. परत येऊन त्याने काडेपेटी खिशात टाकली. कामिनीने घरून जुनं लुगडं आणून माझ्याखाली अंथरलं; फुलं त्यावरच पडतील, पाला जाळायला नको.

रोपाची खालची पानं करपली, पण शेंड्याला तांबूस पालवी आली आहे. त्याला फुलं यायला कित्येक वर्षं लागतील. तोवर मी नसेन, डोंगरसिंगही नसेल. तरी तो रोज सकाळी फुलं वेचण्याआधी रोपाकडे वाकून बघतो. मित्रांनो, रानात काडी ओढण्याआधी तुम्हीही एकदा वाकून बघा. माझी लेकरं तिथेच, पाल्यात असतात.