जानकीची बशी

लघवीचे थेंब टाकलेलं नळीतलं निळं औषध दिव्यावर उकळलं आणि आजही विटकरी झालं. डॉक्टर उत्तरा सामंत यांनी चष्मा काढला.

"परबकाका, वही दाखवा."

लवू परबाने वही पुढे केली. एकतीस वर्षं भांडुपच्या कारखान्यात तो टाइमकीपर होता. कामगार चार मिनिटं उशिरा आला तर चारच लिहायचा; सख्ख्या मेव्हण्याचीही मुरवत नाही. न्याहारीही त्याच शिस्तीत लिहिली होती. सात वाजता मोडाच्या मुगांची उसळ एक वाटी, तिच्यामागून नाचणीची भाकरी, शेवटी बिनसाखरेचा चहा. उसळ आधी, भाकरी नंतर, हा डॉक्टरबाईंनी घालून दिलेला क्रम एक दिवस चुकला नव्हता.

"एवढं पथ्य, आणि तरी एवढी साखर? वही खोटं बोलतेय की तुम्ही?"

"वही खोटा कित्याक बोलतली?" लवू दुखावला. "माझा सगळा लिवलंय."

"तुमचं लिहिलंत. कोणाचं राहिलं?"

लवू पंख्याकडे बघत बसला. त्याची बायको जानकी जाऊन चौदा महिने झाले होते. कांजूरमार्गच्या दीड खोलीत तो रोज सकाळी तिचाही पाट आणि बशी मांडायचा: दोन घावणे, वर गूळखोबऱ्याचा रस, कपात तीन चमचे साखर. तिला तसंच लागायचं. दहापर्यंत बशी तशीच राहायची, आणि अन्न टाकायची रीत परबांच्या घरात नव्हती. हे सगळं त्याने अडखळत सांगितलं.

"म्हणजे दहाला ते तुम्ही खाता."

"तां तिचा," लवू म्हणाला. "म्हणान वहीत नाय."

बाईंना हसू आलं, ते अर्ध्यावरच विरलं.

"काका, साखरेला नावं वाचता येत नाहीत. तुमच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही ती ह्यामुळेच. अशानं अंगठा जाईल."

"मगे बशी बंद करू?" हजेरीपटावरून एखाद्याचं नाव खोडायला सांगावं तसा त्याचा चेहरा झाला.

बाईंनी वही मिटली. "बंद नको. पण तुमच्याच न्याहारीतलं अर्धं त्यांना वाढा. सातला अर्धं तुमचं, दहाला अर्धं त्यांचं. थोडं थोडं पोटात गेलं की साखर एकदम चढत नाही. मात्र वहीत दोन्ही लिहायचं."

"तिका उसळ आवडना नाय."

"मग त्यांना तुम्हीच समजवा," बाई बोलून गेल्या, आणि मान खाली घालून चिठ्ठी लिहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी लवूने उसळ दोन बशांत सारखी केली. भाकरी मोडली. दोन्ही तुकडे शेवटी त्याच्याच पोटात जाणार होते, तरी मोठा तिच्या बशीत ठेवला. मग दोन कप चहा ओतला. तिच्या कपात साखर घातली नाही.

आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदाच, तिच्या पाटाकडे पाठ करून तो न्याहारीला बसला.