उजवा पाय पुढे

पंचावन्नाव्या वाढदिवसाला जावयाने तिला स्नोबोर्ड भेट दिला आणि तिचं डोकं फिरलं.

तसं बघितलं तर रागावण्यासारखं काही नव्हतं. बोर्ड नवाकोरा होता, फिकट जांभळा, त्यावर पांढरी फुलं. बूट बोर्डाला पक्के जखडणारे पट्टे, म्हणजे बाइंडिंग, तेही त्याच रंगाचे आणि आधीच बसवून आणलेले. जावई स्वतः डोंगरावरच्या बर्फाच्या उतारांवर स्नोबोर्ड शिकवणारा. लोक त्याच्या तासासाठी महिनाभर आधी नाव नोंदवायचे. त्याने वस्तू निवडली म्हणजे ती चांगलीच असणार. मुलीने टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, "वा, काय रंग आहे!" तीही हसली, आभार मानले, केक कापला, सगळ्यांना दारापर्यंत सोडून आली.

मग परत येऊन तिने बोर्ड जमिनीवर उभा धरला. तो तिच्या खांद्याला जेमतेम लागत होता. आडवा टाकून त्यावर बूट ठेवला, तर पुढून बोटं बाहेर, मागून टाच बाहेर. आणि पट्टे बसवले होते डावा पाय पुढे धरून.

"हे माझ्यासाठी नाहीच," ती नवऱ्याला म्हणाली.

"म्हणजे? आणखी कुणाचा वाढदिवस होता का?"

"जावईबापूंच्या डोक्यात एक सासू आहे. पन्नास किलोची, भित्री, डावा पाय पुढे टाकून हळूहळू घसरणारी. हा बोर्ड तिचा. मी शहात्तर किलोची आहे आणि माझा उजवा पाय पुढे असतो. सहा वर्षं झाली या माणसाला घरात येऊन, एवढंही माहीत नाही त्यांना."

"तू सांगितलंस कधी?"

"विचारलं कधी?"

नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं. तीस वर्षांच्या संसारात तो एवढं नक्की शिकला होता.

खरं म्हणजे सांगितलं नव्हतं तिने कुणालाच. उताराच्या पायथ्याशी बूट आणि बोर्ड भाड्याने देणारी एक लांबट खोली होती. तिथे ती एकोणीस हिवाळे काम करत होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या पायाकडे बघून ती माप सांगायची आणि चुकायची नाही. म्हणून सगळे तिला मापाडीणबाई म्हणत. ओले बूट वाळवायचे, बोर्डांच्या तळाला मेण लावायचं, लोखंडी कडांना धार द्यायची. दुरुस्त झालेला बोर्ड नीट चालतो की नाही हे कुणीतरी बघायला हवं, असं तिने एकदा साहेबांना सांगितलं, आणि साहेब मान न वर करता म्हणाले, "मग बघा की." झालं. त्या दिवसापासून अकरा हिवाळे ती सकाळी सातला, पाहुणे उठायच्या आधी, तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यात बसून वर जायची आणि बोर्डावरून खाली यायची. पहिल्या वर्षी एवढी पडली की बसताना उशी लागायची. तेव्हा लाजेने बोलली नाही. पुढे जमायला लागलं, तेव्हा वाटलं, एवढं एक आपलं आपल्यापाशीच राहू दे. नऊला ती खिडकीत उभी असायची आणि जावयाचा पहिला तास दहाला सुरू व्हायचा.

रोज वेगळा बोर्ड पायाखाली आल्यामुळे तिला आपली आवड पक्की कळली होती. उड्या मारणं तिला नको होतं. उलटं घसरणं नको, खोल भुसभुशीत बर्फात शिरणंही नको. तिला हवा होता पहाटे यंत्राने सपाट केलेला कडक बर्फ, आणि त्यावर कडेवर झुकून घेतलेलं लांबलचक वळण. एवढं झुकायचं की हात बर्फाला लागावा. मऊ, आखूड बोर्डावर ते होत नाही. वेग वाढला की तो थरथरतो आणि कड सुटते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने जांभळा बोर्ड काखेत मारला आणि पाळण्याच्या स्थानकाशेजारच्या दुकानात गेली. दुकानदार एके काळी शर्यतीत उतरायचा. आता कमरेने साथ सोडली होती, पण जिभेने नाही.

"परत?" त्याने चष्मा कपाळावर चढवला. "अहो ताई, तुमच्या जावयांनी तासभर घालवून निवडलाय. तुमच्यासाठी एकदम सोपा आहे. मऊ आहे, पडलात तरी लागणार नाही."

"पडायला नकोय मला, वळायला हवाय. तो द्या." तिने भिंतीवरच्या काळ्या बोर्डाकडे बोट दाखवलं. एकशे सत्तावन्न सेंटिमीटर लांब, मधे रुंद, त्यावर ना फूल ना पान.

दुकानदार हसला. "तो? तो वाकत नाही लवकर. मधे कमान आहे त्याला, जोर लावून दाबावी लागते. तरणे पुरुष परत आणून देतात. तुमच्या वयाला..."

"भाऊ, बोर्डाला वय कळतं का?"

"नाही, पण..."

"काय कळतं त्याला?"

माणूस धंद्यातला होता, खोटं बोलवेना. "वजन," तो म्हणाला.

"शहात्तर. आणि पाय साडेसव्वीस सेंटिमीटर. या फुलवाल्या अरुंद बोर्डावरून बोटं बाहेर येतात माझी. कडेवर झुकले की बोटं बर्फाला घासणार आणि मी तोंडावर आपटणार. मग सोपा कसा हो हा? दिसायला सोपा आहे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हातमोजे बघायची थांबली आणि इकडेच बघू लागली.

"बरं, बोर्ड बघू," दुकानदार म्हणाला, "पण पट्टे तरी हे घ्या. नुसता पाय ठेवला की खट्‌कन बसतो, खाली वाकायला नको."

तिने कोट काढून टेबलावर ठेवला, दुकानाच्या मधोमध फतकल मारून बसली आणि हात न टेकता उठून उभी राहिली. "वाकता येतं मला," ती म्हणाली. "ते खट्‌कनवाले वाईट नाहीत, आमच्याकडे आहेत दहा जोड. पण मला घोट्यावरचा पट्टा माझ्या हाताने आवळायचाय, आणि बाइंडिंगची पोटरीमागची पाठ ताठ हवीय. टाच दाबली की बोर्डाने लगेच ऐकलं पाहिजे, विचार करत बसायचं नाही."

एका गिऱ्हाइकाने तोंडावर हात धरून हसू दाबलं. दुकानदाराच्या ते नजरेतून सुटलं नाही आणि त्याला थोडं झोंबलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी साडेसातला. बोर्ड आणि पट्टे मी देतो वापरून बघायला. खाली उभा राहून बघेन. नाही जमलं तर मुकाट्याने फुलवाला घेऊन जायचा."

"आणि जमलं तर मुकाट्याने तुम्ही राहायचं," ती म्हणाली. "जमेल का?"

सकाळी ती आली तेव्हा दुकानदाराशेजारी जावई उभा होता, लाल जॅकेटमध्ये, चेहरा पडलेला. दुकानदाराच्या जिभेने आपलं काम केलं होतं.

"आई, आवडला नव्हता तर मला सांगायचं होतंत," जावई म्हणाला. "दुकानात चारचौघांत परत करायचा? मी शिकवतो हेच. लोक मला विचारून घेतात."

"लोक तुम्हाला विचारतात. तुम्ही मला विचारलंत?"

"तुम्ही काउंटरवर काम करता, मला वाटलं..." त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं. मग त्याची नजर काळ्या बोर्डावर गेली. "हा? आई, अजिबात नाही. यावर गुडघा मोडून घ्याल. मी तुमच्या मुलीला काय तोंड दाखवू?"

"जे आहे तेच दाखवा, चांगलं आहे," ती म्हणाली आणि पाळण्यात जाऊन बसली.

वर हवा स्वच्छ होती. उतारावर यंत्राच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. तिने पट्टे आवळले, उजवा पाय पुढे करून निघाली. पहिली दोन वळणं झाली, पण काहीतरी बिघडलं होतं. ती टाच दाबायची आणि बोर्ड क्षणभर उशिरा वळायचा. रोजच्या मऊ बोर्डांनी ही ढिलाई पोटात घातली असती. हा घालणारा नव्हता. तिसऱ्या वळणाला वेग वाढला, टाच बुटात उचलली गेली, कड सुटली आणि ती पाठीवर आदळून वीस-पंचवीस हात घसरत गेली.

जावई धावत निघाला. तिने लांबूनच हात वर करून त्याला थांबवलं. उठली, बर्फ झटकला आणि उरलेला उतार तिथून सरळ खाली आली. मार फारसा नव्हता; अपमान होता, तो जास्त दुखत होता.

"मी सांगत होतो..." जावयाने सुरुवात केली.

"थांबा हो," दुकानदार मधेच म्हणाला. तो तिच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघत होता. "ताई, बोर्ड बरोबर आहे. बूट चुकलाय."

"माझे बूट? सात वर्षं घालतेय मी हे."

"तेच म्हणतोय. मोजे किती घातलेत?"

दोन घातले होते, जाड. बूट भाड्याच्या खोलीतून बाद झालेले, मापाहून दीड नंबर मोठे. दिवसभर उभं राहून पाय सुजतात म्हणून तिने ते स्वतःसाठी ठेवून घेतले होते. आणि एकोणीस वर्षं खिडकीत उभी राहून ती प्रत्येकाला ओरडून सांगत आली होती: एकच पातळ मोजा, बूट घट्ट, टाच हलता कामा नये. तिचे कान तापले. वाद घालावासा वाटला, तोंडही उघडलं. पण घोट्याला तर कळलंच होतं.

"चला," ती म्हणाली. "दाखवा बूट. पण बोर्ड तोच."

"मी बोर्डाबद्दल काही बोललो का?" दुकानदार म्हणाला.

दुकानात त्याने तिचा पाय पट्टीवर ठेवून मोजला, साडेसव्वीस, आणि तिने मोजलेलाही तेवढाच होता याचं त्याला जरा वाईट वाटलं. पहिला जोड घोट्याला रुतला. दुसरा छान वाटला, म्हणून तिने लगेच काढला. दुकानात छान वाटणारा बूट आठवड्यात सैल होतो हे तिला माहीत होतं. तिसऱ्यात ती उभी राहिली तेव्हा बोटं पुढे टेकली. गुडघे वाकवले, बोटं जराशी मागे सरकली आणि टाच खोलवर जाऊन बसली. चवड्यांवर उभी राहिली. टाच जागची हलली नाही. ती तशीच दहा मिनिटं दुकानात फेऱ्या मारत राहिली, आणि दोघे पुरुष बसून तिच्या फेऱ्या बघत राहिले.

नव्या बुटांना पट्टे नव्याने बसवायला हवे होते. जावयाने पेचकस उचलला. "कोन किती ठेवू? मी सगळ्यांना पुढचा पाय पुढे, मागचा थोडा मागे वळवून देतो."

"मला उलटं घसरायचं नाही. दोन्ही पुढेच. पुढचा तीस अंश, मागचा बारा. आणि पेचकस इकडे द्या."

"आई, मी करतो ना."

"तुम्ही बोर्ड धरा."

त्याने धरला. तिने आठ स्क्रू काढले आणि आठ आवळले. मधेच तो हळू आवाजात म्हणाला, "उजवा पाय पुढे, हे मला खरंच माहीत नव्हतं. शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या मिनिटाला तेच विचारतो."

"माहीत आहे. खिडकीतून ऐकू येतं." तिने शेवटचा स्क्रू पिळला. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थोडी नरमली. "सांगायला हवं होतं मीही. पण सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला लागला असतात."

दुकानदार खोकला. हसत होता बहुतेक.

दुसऱ्यांदा वर गेली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते, नऊला खिडकी उघडायची होती. ती थांबली नाही. पहिल्याच वळणाला टाच दाबली आणि बोर्डाने ऐकलं. कमान दाबली गेली, कड बर्फात शिरली, आणि पायाखाली तो कापड फाडल्यासारखा कोरडा आवाज आला, जो तिने अकरा वर्षांत फार थोड्या वेळा ऐकला होता. पुढचं वळण तिने लांब घेतलं, त्यापुढचं आणखी लांब. चौथ्याला हातमोज्याची बोटं बर्फावरून सरकत गेली. मांड्या पेटल्या होत्या. दुकानदार खरं म्हणत होता, हा बोर्ड फुकट काही देत नव्हता. खाली येईपर्यंत ती धापा टाकत होती, आणि थांबताना तिने बर्फाचा एक फवारा लाल जॅकेटवर उडवला. तो मुद्दाम नव्हता असं ती नंतर म्हणाली.

दुकानदार मुकाट्याने उभा होता. शब्दाला जागला माणूस.

जावयाने चेहऱ्यावरचा बर्फ पुसला. "ही वळणं... कुणी शिकवली तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मागचा खांदा जरासा..."

तिने डोळे वटारले. तो थांबला, आणि मग पहिल्यांदाच नीट हसला. "बरं. राहू दे खांदा. अजून एक फेरी? मीही येतो."

पाळण्यात दोघे शेजारी बसले. फुलवाला बोर्ड दुकानात ठेवून त्याबदली काळा घ्यायचा असं ठरलं. वरचे पैसे आणि बुटांचे पैसे ती आपले आपण देणार होती, त्यावर चर्चा नव्हती. मुलीला काय सांगायचं यावर थोडी झाली. "खरं तेच सांगा," ती म्हणाली. "म्हणावं, आई पडली, उठली, आणि तिला जे हवं होतं ते घेऊन आली."

वर पोहोचल्यावर जावई बसून पट्टे लावू लागला. "खाली झाडांपाशी उतार अरुंद होतो," तो म्हणाला, "तिथे माझ्या मागे राहा, मी वेग धरून..."

वाक्य संपवून त्याने मान वर केली, तेव्हा ती दोन वळणं खाली पोहोचली होती.