भूपातला नि

बसलिंगाप्पा हिटणीकरांची मुलाखत १९९८च्या जानेवारीत, एका गुरुवारी, स्थानिक दैनिकाच्या चौथ्या पानावर आली. सकाळी साडेनऊपर्यंत माझ्या मामांनी ती सात वेळा वाचली होती. सात हा आकडा मामींचा. प्रत्येक वाचनानंतर त्या चहाचं विचारत होत्या आणि प्रत्येक वेळी मामा नको म्हणत होते.

बसलिंगाप्पा क्लॅरोनेट वाजवायचे. तरुणपणी मलकापूरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये होते. पुढे रीतसर शिकून शास्त्रीय मैफली करू लागले आणि कोल्हापूर त्यांना आप्पा म्हणू लागलं. माझे मामा नेमगोंडा हे शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी आणि 'बसलिंगाप्पा रसिक मंडळा'चे संस्थापक अध्यक्ष. मंडळाचे सभासद एकेचाळीस. मंडळ आप्पांची प्रत्येक मैफल ध्वनिमुद्रित करायचं आणि तिच्या प्रती सभासदांना वाटायचं.

मुलाखतीत आप्पा म्हणाले होते, "गेली दहा वर्षं कोल्हापुरात जेव्हा जेव्हा भूप वाजवला, तेव्हा तेव्हा त्यात एक नि घुसवून दिला. मुद्दाम. कुणाच्या बापाला कळला नाही. इथली माणसं माना डोलावतात, ऐकत नाहीत."

भूप रागात पाचच स्वर असतात : सा, रे, ग, प, ध. नि त्यात चालत नाही. शाळेत चार महिने पेटी शिकलेल्या मुलालाही हे ठाऊक असतं. म्हणजे आप्पांचं म्हणणं असं होतं, की दहा वर्षं ते बासुंदीत मीठ टाकत होते आणि आम्ही वाट्या चाटत होतो.

त्या संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा मामांच्या दुकानाच्या माडीवर भरली. मामा सूर्यास्ताआधी जेवतात, त्यामुळे सभा सातला. वहाणांचे व्यापारी गुंडू चौगुले आधीच तापून आले होते. तरुणपणी ते कुस्ती करायचे, आणि अजूनही बोलताना समोरच्याचा हात मनगटापाशी धरतात.

"निषेध झालाच पायजे," गुंडूकाका म्हणाले. "आमच्या कानांची अब्रू काढली ह्यानं. बिंदू चौकात सगळ्या कॅसेटी जाळायच्या!"

"सावकाश," गणपतराव म्हणाले. ते निवृत्त संगीत शिक्षक. मंडळात शास्त्र त्यांच्याकडे असायचं. "मला तो नि पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता. कलावंताचा मान राखायचा म्हणून बोललो नाही."

मग एकेक करून आणखी सहा जणांना आठवलं, की आपल्यालाही काहीतरी खटकलं होतंच.

"अध्यक्ष, तुमाला?" गुंडूकाकांनी विचारलं.

मामा म्हणाले, "मला न्हाई आला ऐकू." आणि खाली निघून गेले.

इथे मामांच्या दादेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे गाण्याला मिळणारी दाद तालमीतून आलेली आहे. नुसतं 'क्या बात है' पुटपुटणं आम्हाला जमत नाही. मामा पहिल्या रांगेत बसून समेवर एकच शब्द टाकायचे : "भले!" डाव पडल्यावर कुस्तीच्या हौद्याच्या कडेवरून टाकतात, तसा. हा शब्द आप्पांच्या इतका अंगवळणी पडला होता, की समेनंतर ते त्याच्यासाठी एका श्वासाएवढी जागा ठेवायचे. गावातली माणसं कॅसेट ऐकताना मामांचं 'भले' कधी येतं याची वाट बघायची.

त्या गुरुवारनंतर मामांनी कॅसेटचं कपाट उघडलं नाही. तेवढंच असतं तर मी फारसं मनावर घेतलं नसतं. पण आठवड्यानं मी दुकानात गेले, तर मामा गुळाच्या ढेपेवर बोटाच्या पेरानं टकटक करत होते. आवाजावरून गूळ किती कडक आहे ते सांगणं ही त्यांची ख्याती. टकटक झाली, आणि मामांनी हमालाकडे बघून विचारलं, "कृष्णात, तुला कसा वाटतोय?"

कृष्णात बावीस वर्षं त्या दुकानात होता. त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. तो डोक्यावरची पाटी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला.

"मामा," मी म्हणाले, "एका मुलाखतीनं एवढं?"

"सोनल, पस्तीस वरसं मी ज्याला भले म्हणलो, त्ये खरं व्हतं का खोटं, हेच मला आता सांगता येईना. मग गुळाचं तरी कशावरनं सांगू?"

मी तेव्हा भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन एम.एस्सी. करत होते. आमच्या विभागात त्याच वर्षी साउंड कार्ड असलेला एक संगणक आला होता. सर त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवत आणि खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवत. प्रकल्प म्हणून मी 'फुंकवाद्यांच्या स्वरांची वारंवारता' असा विषय लिहून दिला आणि किल्ली मिळवली.

मंडळाकडे दहा वर्षांतले अकरा भूप होते, एकूण चार तास बारा मिनिटं. टेपरेकॉर्डर कधी हळू चालतो, कधी जोरात, म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नव्हता. प्रत्येक स्वर त्याच कॅसेटवरच्या सा शी ताडून बघायचा होता. सा ला एक धरलं, तर ध पावणेदोनच्या जरा खाली येतो आणि नि पावणेदोनच्या बराच वर. दोन्हींची गल्लत होणं शक्य नाही. सोळा दिवस मी तेवढंच केलं. नि असल्याचा संशय तीन ठिकाणी आला. त्यातला एक सभागृहाबाहेरच्या स्कूटरचा हॉर्न निघाला, एक लहान मूल, आणि एक खुद्द गणपतरावांची शिंक.

नि : शून्य.

दरम्यान बिंदू चौकातला निषेध पार पडला होता. सभासदांनी जाळण्यासाठी एकूण सोळा कॅसेट आणल्या. मी त्या बघितल्या. दोन आरत्या, नऊ सिनेमाची गाणी, एक इंग्रजी बोलायला शिका, एक सनईची, बाकीच्या कोऱ्या. आप्पांची एकही नव्हती. ती सनईची, कुणाच्यातरी लग्नातली, गुंडूकाकांनी स्वतः आणली होती. "फुंकायचंच वाद्य हाय की," ते म्हणाले आणि काडी ओढली. गणपतरावांनी दैनिकात पत्र लिहून आपल्याला नि ऐकू आलेल्या नऊ तारखा दिल्या. मी त्या ताडून पाहिल्या. त्यातल्या दोन दिवशी आप्पांनी भूप वाजवलाच नव्हता आणि एका दिवशी ते हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते.

मी कागद घेऊन आधी आप्पांकडेच गेले. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्या. आप्पा खुर्चीत बसून क्लॅरोनेटची पत्ती ओठांत भिजवत होते आणि त्यांच्या पत्नी शांतव्वा भाकरी थापत होत्या.

आप्पांनी आकडे बघितले, कागद उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं. मग हसले. "हौद, हौद," ते कानडीत हो म्हणाले. "पकडलंस की ग यव्वा!"

"दहा वरसं नि लावला म्हणे," शांतव्वा परातीतून म्हणाल्या. "हे मानूस मिठाचं पुडकं आणायला इसरतंय. नि लावायचं ह्याच्या ध्यानात ऱ्हाईल?"

"मग बोललात कशाला?" मी विचारलं.

"गेल्या दिवाळीत वाजवलं, तेव्हा समोर तेवीस माणसं. त्यातला एक वॉचमन, आणि त्यो हाल बंद करायला बसलावता. आता पंचाहत्तरीचा कार्यक्रम हाय पुढच्या रविवारी. मुलाखत आल्यापास्नं सातशे तिकिटं संपली. शिरोळहून माणसं ट्रॉली भरून येणार म्हणत्यात. रविवारपतोर गप ऱ्हा एवढं."

"आप्पा, मामांनी भले म्हणायचं सोडलंय."

"नेमगोंडानं? बसू दे की रुसून चार दिवस."

रविवारपर्यंत कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं, पण मामांना 'कुणाला'त धरलं नाही. संध्याकाळी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले.

"मशीन म्हणतंय नव्हता. आप्पा म्हणतोय व्हता. आन् माझा कान काय म्हणतोय, त्ये कुठल्या रकान्यात हाय?"

त्या रकान्याची मला सोय करता आली नव्हती.

रविवारी सकाळी दहाला सभागृह इतकं भरलं, की माणसं खिडक्यांत बसली. ही गर्दी वेगळीच होती. कुणाच्या मांडीवर वही, कुणाच्या खिशात तोंडाने फुंकायची सुरांची शिट्टी. तिसऱ्या रांगेत एकानं लहान पेटी आणली होती आणि नि च्या पट्टीवर लाल टिकली चिकटवली होती. सगळे नि पकडायला आले होते. आमच्या मंडळाचं ध्वनिमुद्रण मी करत होते, त्यामुळे मी रंगमंचाच्या कडेला होते आणि मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

आप्पांनी भूप सुरू केला. पंचाहत्तरीच्या माणसाचा दम असा असतो, हे मला माहीत नव्हतं. पहिली सम आली. आप्पांनी श्वासाएवढी जागा ठेवली.

त्या जागेत काहीच आलं नाही.

सातशे माणसांपैकी एकाचीही दाद देण्याची छाती होईना. न जाणो, ज्याला वाहवा म्हणावं त्यातच नि निघायचा! माणसं कपाळाला आठ्या घालून, हात मांड्यांखाली दाबून बसली होती. एका बाईंची मान आपसूक डोलायला लागली, तर त्यांच्या नवऱ्यानं ती धरली. दुसरी सम, तिसरी सम, तेच. दर वेळी आप्पा जागा ठेवायचे आणि पहिल्या रांगेत मामांकडे बघायचे. मामा मुठी आवळून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

विसाव्या मिनिटाला आप्पांच्या कपाळावर घाम आला. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी तबलजीकडे असं पाहिलं, की तबलजीनं भीतीनं लय वाढवली. आप्पा जोरकस तान घेऊन वर गेले, समेवर आले, समेनंतरची ती मोकळी जागा त्यांना बहुधा सोसवेना, आणि ती भरून काढायच्या घाईत बोट घसरलं.

"नि!" मामा उभे राहिले. "नि लागला, आप्पा!"

सभागृह फुटलं. "लागला, लागला!" म्हणून सातशे जण ओरडायला लागले. पेटीवाल्यानं लाल टिकलीची पट्टी दाबून धरली ती सोडेना. आप्पांनी क्लॅरोनेट तोंडातून काढलं. ओरडा ओसरेपर्यंत ते मामांकडे बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "लागला."

"आन् आधीचं? दहा वरसं?" मामांनी विचारलं.

"आधी कधीच न्हवता, नेमगोंडा. म्या खोटं बोललो. ह्यो पयलाच."

मामा खाली बसले. रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

पण गुंडूकाका उठले. "म्हंजे आमी फसलो न्हाई, आन् ह्यानं आमाला फसलो म्हणून सांगिटलं? ह्ये तर जास्त वंगाळ! दुसरा निषेध!"

"गुंडूशेट, तुमच्या सनईचं आधी बघा," मागून कुणीतरी ओरडलं. मग लोकांना गणपतराव आठवले. नऊ तारखा पाठ असलेले तिघे-चौघे उभे राहून त्यांना शोधू लागले. त्यांची खुर्ची रिकामी होती. वहाणा मात्र तिथंच होत्या.

"वाजवा, आप्पा," मामा म्हणाले. पुढचा पाऊण तास लोकांनी इतकी दाद दिली, की समेवर, समेआधी, तबलजी तबला ठोकून सुरात लावत होता त्यालासुद्धा दिली.

चार दिवसांनी मामा आमच्या घरी आले. सभासदांसाठी त्या मैफलीच्या प्रती काढायच्या होत्या. मी आधीच मोजून ठेवलं होतं. तो नि एका सेकंदाच्या सातव्या हिश्शाएवढा होता आणि मामांचा आवाज त्यानंतर अर्ध्या सेकंदात आला होता. बाकी सभागृह त्यानंतर पूर्ण दोन सेकंद गप्प होतं.

"हा घ्या तुमचा रकाना," मी म्हणाले.

मामांनी आकडे वाचले. लहान मुलासारखा त्यांचा चेहरा झाला. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "सोनल, तेवढा नि खोडता येतो का ग?"

"का?"

"मानूस उद्या न्हाई ऱ्हायचा. कॅसेट ऱ्हाती."

"पण सातशे लोकांनी ऐकलाय की, मामा."

"त्यांनी कुठला ऐकला? त्यांनी माझं वरडणं ऐकलं."

संगणकावर कापून जोडता येत होतं. पण नि गेला की त्याच्या मागचं मामांचं ओरडणंही जाणार होतं, आप्पांची कबुलीही, सगळं मिळून चार मिनिटं. मामांचा कान शाबूत आहे याचा तेवढाच पुरावा होता, आणि हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

"काप," मामा म्हणाले.

मी कापलं. जोड एका समेवर आणून बसवला. आलेख काढून बघितला, त्यात काही दिसत नव्हतं. सरांना ऐकवलं, त्यांना कळलं नाही. मूळ कॅसेट पुसली. एकेचाळीस प्रती गेल्या आणि एकाही सभासदानं तक्रार केली नाही. गुंडूकाकांनी तर भूप फारच सलग झाल्याचं कळवलं.

मामांची प्रत मी स्वतः दुकानात नेऊन दिली. गिऱ्हाईक नव्हतं. कृष्णात ढेपा लावत होता. मामांनी गल्ल्याशेजारच्या टेपरेकॉर्डरमध्ये ती घातली आणि डोळे मिटून बसले. पंचवीस मिनिटं हलले नाहीत. मग तान वर गेली, खाली आली, आणि मामांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

"हितं," ते म्हणाले.