आडवा फेकलेला बटाटा

माझी सोनाली सहामाहीत फिजिक्सात नापास झाली, त्येबी एका प्रश्नापायी. मॅडम म्हणाल्या, सायन्स झेपत नसंल तर आर्ट्सला घाला. माझं डोस्कंच फिरलं. पोरीला सायन्स मिळालं तवा अख्ख्या रिहे गावात पेढे वाटलेत आमी!

"कुटला प्रश्न गं?"

"एकाच उंचीवरनं एक चेंडू नुसता सोडला, एक आडवा फेकला. आदी कुटला पडंल? मी लिवलं, सोडलेला."

"मग बरोबर हाय की! परीक्षेच्या आदी तू इचारलंस तवा मीच सांगितलं हुतं तुला."

जलम गेला माझा बांधावरनं भातरोपांच्या मुठी फेकण्यात. हातातनं सोडली तर पायाशी टपकन पडती, लांब भिरकावली तर हवेत ऱ्हाती. ह्यात पुस्तकाला काय इचारायचं? बाजारची पिशवी खांद्याला तशीच ठिवून सोनालीला वढत कॉलेजात नेली आन् ह्येच मुठींचं सांगत मॅडमशी भांडायला हुबी ऱ्हायले.

गौतमी मॅडम हसल्या न्हाईत, ह्ये मला आवडलं. वरच्या गॅलरीत घिऊन गेल्या.

"ताई, लांब फेकताना तुमचा हात वर जातो, म्हणून मूठ उशिरा पडते. आता सरळ आडवं फेका. त्याच क्षणी दुसरा मी नुसता सोडते."

पिशवीतला एक बटाटा त्यांना दिला, एक मी घेतला आन् जीव खाऊन फेकला. त्यांचा भिताडाखाली पडला, माझा पार सायकलींपाशी. पर आवाज एकच! परत फेकला. परत एकच. आगं बया!

"सोनाली, असं का?" मॅडमनी इचारलं.

ती खाली मान घालून म्हणाली, "वेगाचे दोन भाग करायचे, आडवा आन् उभा. आडव्याचा पडण्याशी संबंध न्हाई. उभा भाग सुरवातीला दोन्हीचा शून्य. उंची पाच मीटर धरली तर दोन्हीला एकच सेकंद."

मी बघतच ऱ्हायले. "भवाने, येवढं येतंय तर लिवलं का न्हाईस?"

"तू छातीठोक सांगितलं हुतंस. बरोबर लिवलं असतं तर तू खोटी पडली असतीस."

माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. येवढी येडी माया करतंय व्हय कोण?

"मॅडम, हिला आर्ट्सला घालू नका," मी हात जोडले. "चूक हिची न्हाई, माझी हाय."

मॅडम म्हणाल्या, सोमवारी परत पेपर घेते.

मी सोनालीचा कान धरला. "मी शंभरदा खोटी पडले तरी चालंल. फिजिक्सात आईचं ऐकायचं न्हाई. येवढं मात्र ऐक."