रिकाम्या खुर्चीचा पेपर

अभ्यासक्रम दर पाच वर्षांनी बदलावा, हे तत्त्व अभ्यास मंडळाला पूर्ण मान्य होतं. कुणाचा पेपर वगळायचा, एवढाच प्रश्न असायचा. विद्यार्थ्याची गरज, परिसराशी नातं वगैरे तत्त्वं कागदावर सगळ्यात वर असत. चालायचं ते एकच: जो बैठकीला हजर, त्याचा पेपर शाबूत.

२००३ सालच्या नाशिकच्या बैठकीला येवल्याचे कुंदन भांडगे सर नव्हते. आठवड्यापूर्वीच त्यांच्या पत्नी सुवर्णाताई वारल्या होत्या. अर्थशास्त्रात 'परिसरातील उद्योग' हा पेपर सरांनीच आणलेला. त्यासाठी पोरं दिवाळीनंतर त्यांच्या घरी जायची आणि सुवर्णाताईंच्या मागावर बसून पैठणीचा काठ बिघडवायची. ताई तेवढं उकलून पुन्हा विणायच्या. म्हणायच्या, "पुढच्या वर्षी जरा शहाणी पोरं आणा हो." पुढच्या वर्षीही तशीच यायची. ताईंना ते चालायचं. घरात मूल नव्हतं.

बैठकीत विषय क्रमांक एक म्हणून ताईंना श्रद्धांजली वाहिली गेली. दोन मिनिटं सगळे मनापासून उभे राहिले. अध्यक्ष मोगल सरांनी तर डोळे पुसले. मग सगळे बसले. विषय क्रमांक चार: संगणकाचा पेपर घ्यायचा, त्यासाठी एक जुना वगळायचा. जो तो आपापला पेपर राखून बसला होता. खुर्ची एकच रिकामी होती.

जुलैच्या बैठकीला भांडगे सर आले. सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचलं गेलं. श्रद्धांजलीच्या ठरावाला सरांनी हात जोडले. चौथ्या ठरावाला ते तसेच जोडलेले राहिले.

"रागावू नका सर," शेजारच्या प्रतिभा मॅडम हळूच म्हणाल्या. "तुम्ही असता तर कुणी हात लावला नसता."

"आता परत घ्यायचा म्हटलं तर?"

"छापून गेलंय हो सगळं," मोगल सर म्हणाले. "पाच वर्षांनी बघू. आणि आता तसं... माग तरी कोण चालवणार?"

भांडगे सरांनी समोरचा चहा बाजूला सरकवला.

"मी अजून झाकला नाहीये तो," ते म्हणाले. "म्हटलं, दिवाळीनंतर पोरं येतील काठ बिघडवायला."

दोन मिनिटं सहज गेली असतील. या वेळी मात्र सगळे बसूनच होते.

मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि पुढचा विषय घेतला.