साफ स्लाइड

आमच्या घरी उरलेली गोळी कधी टाकली जात नाही. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हा आईचा दवाखाना. गेल्या पावसाळ्यात बाबांना मलेरिया झाला, ताप उतरताच त्यांनी गोळ्या सोडल्या आणि उरलेल्या त्या डब्यात गेल्या. मला या डब्याचा किती राग येतो ते विचारू नका. मुलुंडच्या एका लॅबमध्ये मी दिवसभर रक्ताच्या स्लाइड बघते, आणि माझ्याच घरात हे!

यंदा ओजसला, माझ्या धाकट्या भावाला, ताप भरला तेव्हा आईने त्यातल्याच दोन गोळ्या त्याला दिल्या आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशी मीच त्याचं रक्त घेतलं. स्लाइड साफ होती. बरेच जंतू गोळ्यांनी मेले होते, उरलेले दिसण्याइतके नव्हते, पण हे मला कुठे ठाऊक? "व्हायरल आहे रे, पड गुपचूप," मी म्हटलं.

आठवडाभरात तो आईला ओळखेनासा झाला.

त्याला हॉस्पिटलात नेलं आणि तिथून त्याचं रक्त तपासायला आमच्या लॅबमध्येच आलं. मी स्लाइड लावली. तांबड्या पेशींत जिकडेतिकडे अंगठीच्या आकाराचे जंतू. हा एकाच पेशीचा जीव दार फोडत नाही. तांबड्या पेशीला चिकटतो, आपलं टोक तिच्याकडे वळवतो आणि तिचंच आवरण गोधडीसारखं अंगाभोवती ओढून आत सरकतो. आत बसून तिलाच खातो, एकाचे अनेक होतात, तिला फोडून शेजारच्या पेशी गाठतात. अशा भरलेल्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात. वाट लागली, एवढंच मनात आलं.

शिरेतून औषध सुरू झालं, तेव्हा कुठे आईने डब्याचं सांगितलं. मी भर वॉर्डात तिच्यावर ओरडले. ती पदराचं टोक पिळत उभी राहिली.

आज सकाळी पुन्हा स्लाइड बघितली. कितीही शोधलं तरी एकही जंतू नाही. मी धावत हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले, "औषधाने काम केलं. पण मेंदूचं नुकसान आधीच होऊन गेलंय. तो शुद्धीवर येईल असं मला वाटत नाही."

आई बाहेर बाकावर बसली होती. जीव कासावीस झाला की ती मालवणीत बोलते.

"साफ इली मां? तो डबो पण टाकून दिलंय मी. आता उठव गो तेका."

"साफ आली," मी म्हटलं.