उघडं डोकं

वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा डल्सीच्या अंगात उठायचंही त्राण नव्हतं. तिथं ठेवल्यापासून तीन दिवस आई अन्नाला शिवली नव्हती. आजही खाल्लं नाही तर ठेवता येणार नाही, घेऊन जा, असं तिथल्या मॅनेजरबाईनं गोड आवाजात सांगितलं.

गुरुवारी डल्सीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दीड वर्ष वाट पाहून मिळालेली तारीख. आई घरी आली की ती तारीख गेलीच.

जायफळ घातलेली मक्याची लापशी डब्यात भरून, दोन बस बदलून, ती लंगडत पोचली. आईनं ओळखलं नाही. वर्षभर ओळखत नव्हतीच. चमचा पुढे केला तर म्हातारीनं तोंड फिरवलं, हात जोडले, मग एक हात डोक्याकडे नेला आणि हताशपणे मांडीवर टाकला.

"दर जेवणाला हेच," देखभाल करणारी ट्रेसी म्हणाली. "डोकं दुखत असेल म्हणून गोळी दिली."

डल्सी आईच्या पांढऱ्या, विरळ केसांकडे बघत राहिली. मग तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. जमैकाहून ह्या देशात आल्यापासून साठ वर्षांत आईनं उघड्या डोक्यानं कधी प्रार्थना केली नव्हती, आणि प्रार्थनेवाचून घास घेतला नव्हता. पोटची पोर विसरली, हे नाही विसरली. टोप्या नि रुमाल मात्र डल्सीनंच घरी कपाटात ठेवले होते. तिथं कुठं चर्चला जायचंय, म्हणून!

"गोळी कसली देता? डोकं झाका तिचं," ती ट्रेसीवर खेकसली. चूक आपलीच, हे कळत होतं तरी खेकसली. गळ्यातला स्कार्फ सोडून तिनं आईच्या डोक्याला घट्ट बांधला. "हे बघून ठेव. रोज, जेवणाआधी."

आई ताठ बसली. डोळे मिटले.

"प्रभू, ह्या अन्नाबद्दल तुझे आभार. ही समोरची बाई कोण, मला ठाऊक नाही, पण फार दमलीय बघ. हिला आई असेल तर सांग तिला, पोरीला जरा टेकू दे म्हणावं. आमेन."

"आमेन," डल्सी कशीबशी म्हणाली.

आईनं चमचा स्वतःच उचलला. दोन घास खाल्ले.

"जायफळ कमी पडलंय," ती म्हणाली. "आणि उभी काय राहिलीस, बाई? बस की."

डल्सी बसली.